डोंबिवलीतील सोनसाखळी चोरी आणि रस्त्यावरची निर्धास्ती

रस्त्यावरील चोरी पोलिसांच्या दप्तरात ग्रॅम आणि रुपये यांत मोजली जाते, परंतु तिच्यामुळे होणाऱ्या हानीचा मोठा भाग त्या मोजमापात येतच नाही. गळ्यातील साखळी हिसकावली गेल्यानंतर एखादी आजी पहाटेचे फिरणे कायमचे सोडते, कामावरून उशिरा परतणारी सून स्थानकापासून घरापर्यंतचा ओळखीचा रस्ता टाळून रोज रिक्षाचे भाडे मोजू लागते, आणि चोरीची बातमी इमारतीत पसरली की जिच्यावर तो प्रसंग आलेलाच नाही अशी शेजारीणही पदर गळ्याभोवती घट्ट लपेटून चालू लागते. त्यामुळे हा प्रश्न केवळ दागिन्यांच्या सुरक्षिततेचा राहत नाही. सार्वजनिक रस्ता कोणी, कोणत्या वेळी आणि किती निर्धास्तपणे वापरावा, हे ठरवण्याचा अधिकार दोन भुरट्या चोरांच्या हाती जावा की नाही, असा तो नागरी जीवनाचा प्रश्न होतो.

तुलनेसाठी पाहायचे तर, कॅरिबियन बेटांवरील पर्यटननगरांत अशा चोऱ्यांचा विचार बहुधा पाहुणा आणि स्थानिक यांच्यातील आर्थिक अंतराच्या संदर्भात केला जातो. जमैकातील माँटेगो बे हे प्रसिद्ध पर्यटनस्थळ ज्या सेंट जेम्स परगण्यात येते, तेथे हत्या आणि टोळीयुद्धे वाढल्यामुळे जानेवारी २०१८ मध्ये सरकारने आणीबाणी जाहीर केली, आणि त्या वेळी ब्रिटनने आपल्या पर्यटकांना हॉटेलांच्या बंदिस्त आवारातच राहण्याचा सल्ला दिला. पर्यटकाला असा सल्ला देता येतो, कारण त्याचा मुक्काम चार दिवसांचा असतो, त्याचे दागिने हॉटेलच्या तिजोरीत राहू शकतात आणि सर्वांत शेवटी त्याला परत जाण्यासाठी आपले घर असते. डोंबिवलीत लुटली जाणारी व्यक्ती याच रस्त्यावर राहते, तिला रोज त्याच वळणावरून दूध आणायला जायचे असते, आणि तिच्या गळ्यातला दागिना सहलीसाठी घातलेला नसून संसाराबरोबर आलेला असतो. म्हणूनच पर्यटकांसाठी लिहिलेल्या सुरक्षिततेच्या सूचना येथे जशाच्या तशा लागू करणे हा अन्यायच ठरतो, आणि तरीही आपल्याकडे नागरिकांना दिला जाणारा सल्ला बराचसा त्याच धाटणीचा असतो.

डोंबिवली हे कल्याणसह १९८३ मध्ये स्थापन झालेल्या महापालिकेच्या हद्दीतील शहर असून २०११ च्या जनगणनेनुसार या महापालिका क्षेत्राची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास होती. पोलीस व्यवस्थेच्या दृष्टीने ते ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या कल्याण परिमंडळात येते आणि रामनगर, टिळकनगर, मानपाडा व विष्णुनगर या पोलीस ठाण्यांत विभागलेले आहे. त्यांपैकी विष्णुनगर लोहमार्गाच्या पश्चिमेला आणि इतर तिन्ही पूर्वेला आहेत. लोहमार्गाने शहराचे असे दोन भाग केले असले तरी दोन्ही भागांचा दिनक्रम एकच आहे, आणि चोरीचे वेळापत्रक त्या दिनक्रमाला चिकटून चालते. सकाळी नोकरदारांचा लोंढा स्थानकाकडे निघून गेला की निवासी गल्ल्यांत मुख्यतः ज्येष्ठ नागरिक, गृहिणी आणि लहान मुले उरतात, तर संध्याकाळी सातनंतर तोच लोंढा थकलेल्या अवस्थेत, हातात पिशवी आणि कानाला मोबाइल अशा स्थितीत, परत येतो. पहाटे फिरायला जाण्याची वेळ, मुलांना शाळेच्या बसपर्यंत सोडण्याची वेळ, दुपारची सामसूम आणि जेवणानंतरच्या शतपावलीची वेळ या चार वेळांभोवती सोनसाखळी चोर घिरट्या घालतात, कारण या वेळी सावज एकटे असते आणि धावत जाऊन मदत करू शकतील अशी माणसे घरात नसतात किंवा झोपलेली असतात.

शहराची रचनाही चोराला अनुकूल आहे. फडके रस्ता, नेहरू रस्ता, उर्सेकरवाडी या स्थानकालगतच्या भागांत गर्दी इतकी दाट असते की पाकीट किंवा मोबाइल गेल्याचे कळेपर्यंत चोर दोन दुकाने ओलांडून दिसेनासा होतो. याउलट औद्योगिक वसाहतीच्या निवासी विभागात किंवा कल्याण–शिळ रस्त्यालगतच्या नव्या वसाहतींत रस्ते रुंद आणि पायी चालणारे थोडे, त्यामुळे तेथे दुचाकीवरून भरधाव निघून जाणे सोपे. शहरातून बाहेर पडण्याच्या वाटाही अनेक आहेत. शिळफाट्याकडून मुंब्रा आणि नवी मुंबई गाठता येते, कल्याणमार्गे भिवंडी किंवा उल्हासनगर, आणि अलीकडे वापरात आलेल्या मोठागाव–माणकोली खाडीपुलामुळे पश्चिमेतून थेट नाशिक महामार्गाच्या दिशेने जाता येते. नागरिकांचा प्रवास सुकर करणारा प्रत्येक नवा रस्ता हा पोलिसांच्या नाकाबंदीच्या आराखड्यातही त्याच दिवशी आला पाहिजे, पण पुलाचे उद्घाटन जेवढ्या गाजावाजाने होते तेवढी चर्चा त्याच्या टोकाशी चौकी असावी की नाही याची होत नाही.

सोनसाखळी चोरीची पद्धत साधी असून गेल्या कित्येक वर्षांत ती फारशी बदललेली नाही. दुचाकीवर दोघे असतात, एक चालवतो आणि मागे बसलेला हात टाकतो. त्याआधी एक-दोन फेऱ्या मारून सावज हेरलेले असते, ज्याला पोलिसांच्या बोलीत रेकी म्हणतात. कधी पत्ता विचारण्याच्या बहाण्याने गाडी थांबवली जाते, तर कधी समोरून येऊन वळण घेत मागून झडप घातली जाते. वापरलेली दुचाकी बहुतेक वेळा स्वतःच चोरीची असते किंवा तिची क्रमांकपट्टी बदललेली, वाकवलेली किंवा चिखलाने माखलेली असते, म्हणून कॅमेऱ्यात गाडी स्पष्ट दिसूनही तपास मालकाच्या घरापाशी येऊन थांबतो. मंगळसूत्र दोरीचे असेल तर तुटून अर्धे स्त्रीच्याच हातात राहते, परंतु जाड साखळी सहज तुटत नाही, मान कापली जाते, तोल जातो, आणि साठी-सत्तरीतल्या स्त्रीचे त्या पडण्याने खुब्याचे हाड मोडले तर पुढचे सहा महिने अंथरुणात जातात. बातमीत ‘अडीच तोळ्यांचे मंगळसूत्र लंपास’ एवढेच छापून येते आणि मोडलेले हाड बातमीबाहेर राहते.

हिसका न देता केली जाणारी दुसरी चोरी ज्येष्ठांच्या बाबतीत अधिक आढळते आणि तिच्यात बळाऐवजी बोलण्याचा वापर होतो. साध्या वेशातील पोलीस असल्याचे सांगणारे तोतये एखाद्या आजोबांना थांबवतात, पुढच्या चौकात नुकतीच मारहाण किंवा चोरी झाल्याचे सांगतात, दागिने घालून फिरल्याबद्दल दरडावतात, ते काढून कागदाच्या पुडीत बांधायला लावतात आणि पुडी परत देताना हातचलाखीने बदलतात. घरी जाऊन पुडी उघडली की आत खडे किंवा काचेच्या बांगड्या निघतात. याच जातीचा दुसरा बहाणा असा की जवळच्या एका शेठला मुलगा झाला आहे, तो गरीब बायकांना साड्या आणि धान्य वाटत आहे, तेव्हा अंगावरचे दागिने काढून ठेवले म्हणजे साडी मिळेल. या युक्त्यांना फसणारी माणसे भोळी असतात असे मानण्याची चूक करू नये. पोलिसांच्या अधिकाराला मान देणे आणि अनोळखी माणसाशी सौजन्याने बोलणे या ज्या सवयी मागच्या पिढीने सभ्यतेचा भाग म्हणून अंगी बाणवल्या, त्यांचाच येथे हत्यारासारखा वापर होतो. खरा पोलीस रस्त्यात कोणालाही अंगावरचे दागिने काढून पुडीत बांधायला सांगत नाही, ही एक गोष्ट घरातील ज्येष्ठांना पुन्हा पुन्हा सांगितली पाहिजे.

सोन्याचा भाव हे या गुन्ह्याचे सर्वांत सरळ कारण आहे. २०१९ च्या सुमारास दहा ग्रॅम सोन्याला ३५ हजार रुपयांच्या आसपास भाव होता, आणि एप्रिल २०२५ मध्ये त्याने एक लाखाचा टप्पा गाठला. म्हणजे पाच-सहा वर्षांत त्याच साखळीवर त्याच एका झडपेत मिळणारी रक्कम जवळजवळ तिप्पट झाली, आणि चोराला पत्करावा लागणारा धोका मात्र तेवढाच राहिला. परंतु चोराला सोने घालायचे नसते, विकायचे असते, आणि ते विकत घेणारा कोणीतरी असल्याशिवाय ही साखळी पूर्ण होत नाही. चोरीचा दागिना थोड्याच वेळात वितळवून त्याची लगड, म्हणजे आकार नसलेला सोन्याचा तुकडा, बनवली की मालकिणीला ओळख पटवण्यासारखे त्यात काही उरत नाही, आणि म्हणून तपासात घालवलेला प्रत्येक तास चोराच्या फायद्याचा असतो. चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसे मानण्यास कारण असूनही तो घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे गुन्हा आहे, पूर्वीच्या दंड संहितेत हेच कलम ४११ होते. सोनसाखळीच्या प्रकरणांत चोर पकडल्याच्या बातम्या येतात, त्यामानाने घेणाऱ्या सोनाराला किंवा दलालाला शिक्षा झाल्याच्या बातम्या फार क्वचित वाचायला मिळतात. पावतीशिवाय, ओळखपत्राशिवाय आणि बाजारभावापेक्षा कमी दरात आलेले सोने निमूटपणे मुशीत टाकणारा माणूस हा या धंद्याचा भांडवलदार आहे, आणि त्याच्यापर्यंत न पोहोचणारा तपास अर्धवटच मानला पाहिजे.

कायद्यात या गुन्ह्याला स्वतंत्र स्थान मिळाले ते अगदी अलीकडे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत झडप घालून केलेल्या चोरीसाठी वेगळी व्याख्या नव्हती, त्यामुळे पोलीस एक तर साध्या चोरीचे कलम ३७९ लावत, किंवा अंगावरील वस्तू चोरण्यासाठी बळ वापरल्याचे कलम ३५६, किंवा मग जबरी चोरीचे कलम ३९२. हरियाणा आणि गुजरात यांसारख्या राज्यांनी आपल्यापुरती दुरुस्ती करून झडप घालून केलेल्या चोरीला कडक शिक्षा ठेवली होती. १ जुलै २०२४ पासून देशभर लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ ने मात्र, अचानक, झटकन किंवा बळाने एखाद्याच्या ताब्यातील वस्तू हिसकावून केलेली चोरी हा स्वतंत्र, दखलपात्र गुन्हा ठरवला. दखलपात्र म्हणजे ज्यात पोलीस न्यायालयाच्या आदेशाची वाट न पाहता गुन्हा नोंदवून तपास सुरू करू शकतात असा गुन्हा. स्वतंत्र कलम आले हे चांगलेच झाले, परंतु त्याची शिक्षा कमाल तीन वर्षे आणि दंड अशी, म्हणजे साध्या चोरीइतकीच ठेवली गेली. सत्तरीतल्या स्त्रीला रस्त्यावर आपटून तिचे मंगळसूत्र नेणे आणि दुकानातून एखादी वस्तू उचलून नेणे या दोहोंची कमाल शिक्षा सारखी असावी, हे न्यायबुद्धीला पटण्यासारखे नाही.

येथेच तक्रार कशी लिहिली जाते याला महत्त्व येते. चोरी करताना किंवा चोरलेला माल घेऊन पळताना गुन्हेगाराने दुखापत केली, करण्याचा प्रयत्न केला किंवा तत्काळ दुखापतीची भीती घातली, तर ती चोरी कायद्याच्या दृष्टीने जबरी चोरी होते. तिच्यासाठी कलम ३०९ प्रमाणे दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात महामार्गावर ती घडली तर ही मर्यादा चौदा वर्षांपर्यंत जाते, आणि प्रत्यक्ष दुखापत झाली असेल तर जन्मठेपेपर्यंतची तरतूद आहे. त्यामुळे मानेवरचा ओरखडा, खांद्याला बसलेला धक्का, गुडघ्याचे खरचटणे या गोष्टी ‘किरकोळ’ म्हणून न सांगता सोडून देणे योग्य नाही. त्या प्रथम खबर अहवालात, म्हणजे गुन्ह्याची पहिली लेखी नोंद असलेल्या कागदात, आल्या पाहिजेत आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. घाबरलेल्या, लाजलेल्या आणि घरच्यांना काय सांगावे या विवंचनेत असलेल्या स्त्रीला हे सुचणे कठीण असते, म्हणून तिच्याबरोबर ठाण्यात जाणाऱ्या मुलाने, सुनेने किंवा शेजाऱ्याने ते लक्षात ठेवावे.

चोरी एकट्यादुकट्याची नसून टोळीची असेल तर आणखी दोन तरतुदी लागू होऊ शकतात. न्याय संहितेच्या कलम ११२ मध्ये किरकोळ संघटित गुन्हेगारी नावाचा नवा गुन्हा आला असून टोळीने केलेल्या चोऱ्या, खिसेकापूपणा आणि झडप घालून केलेल्या चोऱ्या त्यात येतात. त्याची शिक्षा किमान एक आणि कमाल सात वर्षे आहे. त्याहून कठोर कायदा म्हणजे महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण अधिनियम, १९९९, ज्याला सर्वजण मोक्का म्हणून ओळखतात. मागील दहा वर्षांत टोळीवर एकाहून अधिक आरोपपत्रे दाखल झाली असतील आणि न्यायालयाने त्यांची दखल घेतली असेल तर तो लावता येतो, आणि त्यात जामीन मिळणे अतिशय अवघड होते. मुळात मोठ्या टोळ्यांसाठी आलेला हा कायदा ठाणे आणि मुंबईच्या पोलिसांनी सराईत सोनसाखळी चोरांवरही वापरला आहे, कारण जामिनावर सुटताच पुन्हा त्याच धंद्याला लागणारे आरोपी ही या गुन्ह्यातली सर्वांत मोठी अडचण आहे.

या संदर्भात कल्याणजवळच्या आंबिवली येथील इराणी वस्तीचे नाव वर्षानुवर्षे घेतले जाते. तेथील काही सराईत आरोपींना पकडण्यासाठी गेलेल्या पोलीस पथकांवर दगडफेक होण्याचे प्रकार एकदा नव्हे तर अनेकदा घडले आहेत, आणि देशाच्या इतर राज्यांतील पोलीसही तपासासाठी तेथे येतात, हे वास्तव नाकारण्यात अर्थ नाही. परंतु एखाद्या वस्तीचे नाव घेऊन तेथे जन्मलेल्या प्रत्येक मुलाला चोर ठरवणे हेही तितकेच घातक आहे. ब्रिटिशांनी १८७१ च्या कायद्याने संपूर्ण जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले आणि तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाल्यावरही तो शिक्का महाराष्ट्रातील अनेक भटक्या-विमुक्तांच्या कपाळावरून आजतागायत पुसला गेलेला नाही. ज्या मुलाला आडनावामुळे शाळेत, दुकानात आणि कारखान्यात दार उघडले जात नाही, त्याला दार उघडणारा पहिला माणूस टोळीचा असतो. कायदा व्यक्तीवर आणि पुराव्यावर चालावा, आणि वस्तीत शाळा व रोजगार पोहोचावेत, ही दोन्ही कामे एकाच वेळी व्हावी लागतात.

डोंबिवलीकराच्या आयुष्याचा मोठा भाग रस्त्यापेक्षाही लोकलमध्ये जातो, आणि तेथील चोरी अधिक जीवघेणी आहे. मध्य रेल्वेवर ठाणे ते कल्याण या पट्ट्यात, विशेषतः कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर आणि ठाकुर्ली यांच्या परिसरात जेथे गाडीचा वेग कमी होतो, तेथे रुळांच्या कडेला किंवा खांबाच्या आडोशाला उभे राहून दारातल्या प्रवाशाच्या हातावर काठीने फटका मारायचा आणि पडलेला मोबाइल उचलून पळायचे, अशी ही पद्धत असून तिच्यावरून या टोळ्यांना फटका गँग हे नाव पडले. मोबाइल पडतो तेव्हा अनेकदा माणूसही पडतो. असे फटके बसून गाडीखाली गेलेल्या आणि हात-पाय गमावलेल्या प्रवाशांच्या बातम्या या मार्गावर नव्या नाहीत. मे २०२१ मध्ये कळवा स्थानकात महिलांच्या डब्यातून मोबाइल हिसकावून पळणाऱ्याला अडवण्याच्या प्रयत्नात डोंबिवलीत राहणाऱ्या एका तरुण आईचा गाडी आणि फलाट यांच्यामध्ये सापडून मृत्यू झाला. त्या काळात करोनाच्या निर्बंधांमुळे लोकलमध्ये मोजकेच प्रवासी होते, म्हणजे गर्दी हे एरवी दिले जाणारे कारण तेथे नव्हते. होते ते रिकामे डबे आणि सुरक्षेचा अभाव.

दारात उभे राहू नका, हा सल्ला रेल्वेच्या प्रत्येक उद्घोषणेत असतो, परंतु गर्दीच्या वेळी डोंबिवलीहून सुटणाऱ्या किंवा कल्याणहून भरून आलेल्या गाडीत चढणाऱ्याला दाराशिवाय दुसरी जागा मिळत नाही. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ शेजारच्या रुळांवरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी खाली पडून काहींचा जीव गेला, तेव्हा ही असहायता साऱ्या देशाने पाहिली, आणि नव्या लोकलला आपोआप बंद होणारी दारे बसवण्याची चर्चा त्यानंतर वेगाने पुढे सरकली. अशी दारे आली तर फटका मारणाऱ्यांचा धंदाही बऱ्याच अंशी बसेल, मात्र पुरेशी हवा खेळती ठेवण्याची सोय आणि गाड्यांची वाढलेली संख्या यांशिवाय बंद दारे नवे संकट उभे करतील.

स्थानकाच्या आणि गाडीच्या हद्दीतील चोरीचा तपास शहर पोलीस करत नाहीत, तो लोहमार्ग पोलिसांचा, म्हणजे रेल्वेच्या हद्दीसाठी असलेल्या राज्य पोलिसांच्या शाखेचा विषय आहे. खाकी गणवेशातील रेल्वे सुरक्षा बल हे वेगळे, केंद्राचे दल असून रेल्वेची मालमत्ता आणि प्रवाशांची सुरक्षा ही त्याची जबाबदारी असते. प्रवाशाला हा फरक माहीत नसतो आणि तो माहीत असण्याची गरजही असू नये. स्थानकाबाहेरच्या पुलावर मोबाइल गेला तर हद्द कोणाची, यावर दोन कार्यालयांमध्ये तक्रारदाराची ये-जा होते, तेव्हा त्याने एकच गोष्ट ठामपणे सांगावी की त्याला शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून हवा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी कोणत्याही पोलीस ठाण्याला ती खबर घ्यावीच लागते, आणि नंतर ती योग्य ठाण्याकडे वर्ग केली जाते. त्याच कलमाने इलेक्ट्रॉनिक माध्यमातून दिलेली खबरही मान्य केली असून तीन दिवसांत प्रत्यक्ष सही करणे आवश्यक ठेवले आहे, आणि खबरीची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते. सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्ये दखलपात्र गुन्ह्याची नोंद बंधनकारक असल्याचे स्पष्ट केले होते. तरीही हिसकावलेला मोबाइल ‘गहाळ’ म्हणून नोंदवून घेण्याचा आग्रह अनेकांच्या वाट्याला येतो, कारण गहाळ वस्तूचा आकडा गुन्ह्यांच्या आकड्यात मिळत नाही. गहाळ झाल्याचा दाखला नवे सिम घेण्यापुरता उपयोगी पडतो, चोराला शोधण्यासाठी नाही, म्हणून चोरी झाली असेल तर चोरीच लिहून घ्यावी.

रस्ते अधिक निर्धास्त कसे होतील, याचे उत्तर केवळ कॅमेऱ्यांत शोधण्याची सवय लागली आहे. कॅमेरा गुन्हा घडल्यानंतर उपयोगी पडतो आणि तोही क्रमांकपट्टी खरी असेल तर. अमेरिकी लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये मांडलेला विचार असा होता की रस्ता सुरक्षित ठेवतात ती त्याच्याकडे सहज लक्ष असणारी माणसे, म्हणजे दुकानदार, खिडकीत बसलेले रहिवासी आणि ये-जा करणारे पादचारी. जुन्या डोंबिवलीच्या वाड्या आणि चाळी या विचाराचे जिवंत उदाहरण होत्या, तेथे गॅलरीतून गल्ली दिसत असे आणि अनोळखी दुचाकी दोनदा फिरली की कोणीतरी हटकत असे. त्या जागी उभ्या राहणाऱ्या उंच इमारतींत खालचे तीन-चार मजले वाहनतळाचे, भोवती भिंत आणि फाटकावर एक पहारेकरी, अशी रचना असते. इमारतीच्या आतला माणूस सुरक्षित होतो, पण तिच्या भिंतीलगतचा रस्ता पोरका होतो. पुनर्विकासाची परवानगी देताना तळमजल्यावर दुकाने आणि रस्त्याकडे उघडणाऱ्या जागा ठेवण्याचा आग्रह महापालिकेने धरला, तर तो कॅमेऱ्यांच्या दहा खांबांहून अधिक काम करील.

फेरीवाल्यांचा प्रश्नही या बाजूने पाहिला जात नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रेल्वे स्थानकापासून १५० मीटर अंतरात फेरीवाल्यांना मनाई करणारा निर्णय दिला, आणि पादचाऱ्याला चालायला जागा हवी हे त्यामागचे कारण योग्यच होते, कारण पदपथ अडल्यावर बाई रस्त्याच्या मधून चालते आणि दुचाकीच्या हाताच्या अंतरात येते. परंतु रात्री दहा वाजता एखाद्या अंधाऱ्या कोपऱ्यावर उभी असलेली वडापावची गाडी आणि रिक्षाचा थांबा हेच तेथील पहारेकरी असतात, हेही खरे आहे. त्यांना हुसकावण्यापेक्षा ठरलेल्या जागा देणे, बंद पडलेले पथदिवे कळवल्यावर त्याच आठवड्यात सुरू करणे आणि पदपथ सलग व मोकळे ठेवणे या कामांना सुरक्षेच्या अंदाजपत्रकात स्थान मिळाले पाहिजे.

प्रत्यक्ष प्रसंग ओढवलाच तर दागिना सोडून द्यावा, हे तज्ज्ञांपासून पोलिसांपर्यंत सर्वांचे सांगणे आहे आणि ते बरोबर आहे, कारण ओढाताणीत माणूस चाकाखाली जातो. मंगळसूत्र सोडणे म्हणजे सौभाग्याला धक्का, ही भावना कित्येक स्त्रियांना त्या क्षणी मूठ आवळायला लावते, आणि त्या भावनेची चेष्टा न करता घरातल्यांनीच आधी बोलून ठेवले पाहिजे की दागिन्यापेक्षा ती हवी आहे. चोर हाती लागला तर जमावाने त्याला मारहाण करणे हा गुन्हा आहे. नागरिकाला त्याला पकडून ठेवण्याचा अधिकार आहे, पण सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे विनाविलंब आणि जास्तीत जास्त सहा तासांत त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. मारून अर्धमेला केलेला आरोपी न्यायालयात स्वतःच तक्रारदार होतो आणि मूळ खटला कमकुवत पडतो.

तत्काळ मदतीसाठी ११२, रेल्वेत १३९ किंवा लोहमार्ग पोलिसांचा १५१२ हा क्रमांक आहे. मोबाइल गेला असेल तर पहिल्या तासात सिम बंद करणे आणि बँकेला कळवून पैसे देण्याघेण्याच्या सुविधा गोठवणे महत्त्वाचे असते, कारण हल्ली हँडसेटपेक्षा त्यातील खात्यांवर चोराचा डोळा असतो. खात्यातून रक्कम गेलीच तर १९३० हा सायबर मदत क्रमांक आहे. त्यानंतर केंद्र सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर फोनचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक देऊन तो देशभरात निकामी करता येतो. ही यंत्रणा २०१९ मध्ये प्रयोग म्हणून महाराष्ट्रातच सुरू झाली आणि मे २०२३ पासून देशभर उपलब्ध आहे. हा क्रमांक फोनच्या खोक्यावर असतो, म्हणून ते खोके रद्दीत देऊ नये.

दागिना सापडला तर तो परत मिळण्याचा मार्ग वेगळा आहे. आरोपी पकडल्यानंतर कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर ओळख परेड होते, ज्यात तक्रारदाराला सारख्या दिसणाऱ्या अनेकांमधून आरोपी ओळखावा लागतो, आणि हस्तगत झालेला दागिना मुद्देमाल म्हणून न्यायालयाच्या ताब्यात जातो. पूर्वी तो खटला संपेपर्यंत वर्षानुवर्षे पोलीस ठाण्याच्या कपाटात पडून राहत असे. सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितले की अशा वस्तूंची छायाचित्रे आणि पंचनामा करून, हमीपत्र घेऊन त्या मूळ मालकाला लवकर परत द्याव्यात, आणि आता सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ ने वस्तूचे वर्णन व छायाचित्रे तयार करण्यासाठी चौदा दिवसांची आणि त्यानंतर तिची विल्हेवाट लावण्याच्या आदेशासाठी तीस दिवसांची मुदत घालून दिली आहे. अर्ज तक्रारदाराने करायचा असतो, आणि त्याला खरेदीची पावती, वजन, दागिन्याचा स्पष्ट फोटो यांचा मोठा आधार होतो. आजीच्या काळातल्या दागिन्याची पावती कोणाकडे नसते, तेव्हा लग्नातील किंवा सणासमारंभातील ज्या फोटोत तो दागिना गळ्यात स्पष्ट दिसतो तो फोटोही पुरावा म्हणून दाखवता येतो.

रेल्वेतील पीडितांसाठी आणखी एक हक्क आहे, जो फार थोड्यांना ठाऊक असतो. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १२३ व १२४-अ प्रमाणे गाडीत किंवा स्थानकाच्या हद्दीत झालेला हिंसक हल्ला, जबरी चोरी, तसेच प्रवाशाचे गाडीतून अपघाताने पडणे या ‘अनिष्ट घटना’ ठरतात आणि त्यांत मृत्यू किंवा दुखापत झाल्यास, रेल्वेची चूक असो वा नसो, भरपाई द्यावी लागते. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूसाठी ही रक्कम आठ लाख रुपये आहे आणि अवयव गमावल्यास दुखापतीच्या प्रमाणात ती ठरते. दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे घटनेपासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. तिकीट किंवा पास सापडला नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रीना देवी प्रकरणात म्हटले आहे. फटका बसून पडलेल्या प्रवाशाच्या कुटुंबाने लोहमार्ग पोलिसांकडील नोंद, पंचनामा आणि रुग्णालयाची कागदपत्रे पहिल्या महिन्यातच जमवून ठेवावीत, कारण दुःखाच्या काळात ते वर्ष पाहता पाहता निघून जाते.